चिरंजीव दाराशी उभे

तिसऱ्या मजल्यावरच्या एका बंद दारासमोर छोट्या उभा होता. हात पाठीमागे बांधलेले, ओठांवर हसू आधीच तयार, आणि मान किंचित वाकलेली, म्हणजे दार उघडताच नमस्काराला उशीर नको.

नाव छोट्या असलं तरी माणूस चांगला चौकटीला डोकं टेकेल एवढा उंच. चाळिशीला आलेला. कानांजवळचे केस पांढरे व्हायला लागलेले. घरातल्यांसाठी तो छोट्या होता आणि बाहेरच्यांसाठी ‘चिरंजीव’. त्याचे वडील या देशाचे राष्ट्राध्यक्ष होते. पद सोडून बरीच वर्षं झाली तरी लोक त्यांना ‘साहेब’च म्हणत, आणि साहेबांचा मुलगा म्हणून हा चिरंजीव. आता तो पहिल्यांदाच संसदेच्या निवडणुकीला उभा होता, जुन्या बंदरामागच्या वस्तीतून; साहेबांचं आताचं घरही त्याच वस्तीच्या कडेला होतं. प्रचाराचा तो पहिला दिवस आणि हे पहिलं दार.

दाराच्या आत रेडिओ चालू होता. कुणीतरी भांडी घासत होतं. बाहेर छोट्या वाट बघत होता, आणि त्याच्यामागे पत्रकांचे गठ्ठे घेऊन दोन कार्यकर्ते वाट बघत होते. त्यांना वाटलं, मोठ्या घरची काहीतरी पद्धत असेल.

जिन्याचा कठडा धरत, एका पायरीवर दम घेत नि दुसऱ्या पायरीवर गुडघ्याला शिव्या देत आत्या वर आली. आत्या म्हणजे साहेबांची धाकटी बहीण. उभा जन्म शाळेत बारक्या मुलांना शिकवण्यात गेलेला. छोट्याची आई तो कळता व्हायच्या आतच गेली, तेव्हापासून त्याला वाढवलं ते आत्यानेच.

“काय रे, घोडं कुठे पेंड खातंय?”

“कुणी दारच उघडत नाहीये, आत्या.”

“वाजवलंस?”

छोट्याने दाराकडे पाहिलं. मग आत्याकडे पाहिलं. वाजवायचं त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

“अगं बाई!” म्हणत आत्या तिथेच पायरीवर बसली. हसावं की रडावं तिला कळेना, म्हणून तिने आधी हसून घेतलं.

आता कुणीही म्हणेल, एवढा घोडा झाला आणि दार वाजवता येत नाही? शेफारलेला असणार. पण तसं नव्हतं. मुलगा मुळात गुणी. दुधाचे दात पडायच्या आधी तो अध्यक्षनिवासात राहायला गेला आणि मिसरूड फुटल्यावर तिथून बाहेर पडला. त्या घरात दारं उघडायची नसत, ती उघडली जात. प्रत्येक दाराशी पांढरे हातमोजे घातलेला माणूस. आपण नाकासमोर चालत राहायचं, दार बरोबर वेळेवर बाजूला होतं. एकदा लहानपणी त्याने हौसेने एक पितळी मूठ स्वतःच फिरवली. तिथला म्हातारा दारवान कासावीस झाला. खाली वाकून हळूच म्हणाला, “बाळ, तुम्ही हात लावलात तर आमच्या पोटावर पाय येतो.” मुलाच्या मनाला ते इतकं लागलं की त्या दिवसापासून दार दिसलं की तो दोन्ही हात पाठीमागे नेऊन बांधू लागला. ती सवय अंगात मुरली ती मुरलीच. पुढे वकिली केली, तिथे कचेरीची दारं शिपाई उघडत. मित्रांकडे गेला तर साहेबांचा मुलगा येणार म्हणून दार आधीपासून सताड उघडं. एकदा एका दुकानाच्या काचेच्या दारावर मात्र तो सरळ चालत जाऊन आदळला होता. डाव्या भुवईवर त्याची खूण अजून होती. पण त्यावरून तो काही शिकला नाही. त्याला वाटलं, दारच बिघडलं असेल.

अशी चाळिशी आली. आणि नेमका त्याने धंदा निवडला तो दारोदार फिरण्याचा.

समोर उमेदवार होत्या औषधवाल्या बाई. कोपऱ्यावरचं औषधांचं दुकान त्यांचं. वस्तीतल्या कुणाला कसला खोकला होतो आणि तो कशाने जातो हे त्यांना पाठ. जीभ अशी की कडू औषधसुद्धा तिच्यापुढे गोड लागावं. भर सभेत त्या उभ्या राहिल्या नि म्हणाल्या, “परवा चिरंजीव माझ्या दुकानाशी आले. दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, ढकला. पण हे आपले उभे! मी आतून यांना बघतेय, हे बाहेरून मला बघतायत. शेवटी एक गिऱ्हाईक बाहेर पडलं तेव्हा दाराच्या फटीतून हे आत आले. आयत्या बिळावर नागोबा ऐकला होता मी. पण बिळाचं दारही दुसऱ्याने उघडून द्यावं लागणारा नागोबा पहिल्यांदाच बघितला!”

सभा पोट धरून हसली. ते हसू मतदानाच्या दिवसापर्यंत पुरलं. छोट्या सपाटून आपटला.

निकालाच्या दिवशी साहेब जेवायला बसले होते. पद सोडताना त्यांनी सगळ्या देशासमोर सांगितलं होतं की माझ्या घरातल्या कुणासाठीही मी मत मागणार नाही. तो शब्द म्हणजे दगडावरची रेघ. मुलाच्या प्रचारात ते एकदाही फिरकले नव्हते.

“हरलास?” ते म्हणाले.

“हो, बाबा.”

“जेवून घे.” मग मिठाची वाटी त्याच्याकडे सरकवत अगदी मायेने ते म्हणाले, “हे बघ, वाईट वाटून घेऊ नकोस. राजकारण तुझ्या अंगात नाही. सगळ्यांच्या असतंच असं नाही. तुझी वकिली बरी होती.”

ते रागावले असते तर छोट्याला बरं वाटलं असतं. रागाला उत्तर देता येतं, मायेने सांगितलेल्या गोष्टीला काय उत्तर देणार? त्या दिवशी त्याने मनाशी दोन गोष्टी धरल्या. याच वस्तीने आपल्याला निवडून द्यायला हवं, आणि बाबांनी ते वाक्य परत घ्यायला हवं. खरं सांगायचं तर दुसरी गोष्ट त्याला पहिलीपेक्षा जास्त हवी होती.

पक्षाचे सरचिटणीस फोनवर म्हणाले, “साहेबांकडे बघून आणखी एकदा संधी देऊ. पण पुन्हा आपटलात तर तुमचा रस्ता वेगळा, आमचा वेगळा.” त्यातलं ‘साहेबांकडे बघून’ छोट्याला विंचवासारखं डसलं.

“उद्यापासून शिकवणी,” आत्याने जाहीर केलं.

“या वयात?”

“दाराला वय कळत नाही. ये.”

शिकवणीसाठी दार निवडलं ते साहेबांच्या अभ्यासिकेचं, कारण घरात बंद असणारं तेवढंच एक. आत्या खुर्ची घेऊन समोर बसली, वर्गात बसायची तशी.

“बोटांच्या पेरांनी. मुठीने नाही, तू झडती घ्यायला आलेला नाहीस. दोनदाच. हं. आता दोन पावलं मागे.”

“मागे का?”

“आतल्या माणसाला तू डोक्यापासून पायांपर्यंत दिसला पाहिजेस. आणि तुला आतलं दिसता कामा नये. लोकांच्या घरात पसारा असतो रे, आपल्या घरात असतो तसाच. तो झाकायला त्यांना वेळ द्यावा. आता थांब.”

“आत्या, त्या दिवशी थांबलोच तर होतो!”

“ते थांबणं वेगळं. वाजवायच्या आधी थांबतो तो रुबाब. वाजवल्यावर थांबते ती रीत.”

आतून साहेबांचा आवाज आला, “कोण आहे?”

“मी.”

“मी म्हणजे कोण?”

“तुमचा मुलगा, बाबा.”

“ती काय ओळख झाली? काम काय काढलंय ते सांग.”

काम काहीच नव्हतं. आत्याच ओरडली, “दादा, शिकवणी चाललीय!”

“मग जरा हळू शिकव गं. माझी डुलकी मोडतेय.”

पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात तसे पहिले काही दिवस गेले. हात आपोआप पाठीमागे जात. मग आत्याने त्याच्या एका हातात छत्री दिली, म्हणजे तो हात अडकला आणि दुसरा मोकळा राहिला. असा तो वस्तीत फिरायला लागला. निवडणूक नाही, काही नाही. आता तो वाजवण्याच्या इतका आहारी गेला की उघडी दारंसुद्धा वाजवायला लागला. “अहो, उघडंच आहे की! आम्ही काय भिंतीतून बोलतोय?” एक शिंपीणकाकू आतून ओरडल्या. शिवणयंत्रावरून मान न उचलता त्यांनी विचारलं, “निवडणूक आली की काय पुन्हा?”

“नाही.”

“मग का आलात?”

प्रश्न बिनतोड होता. छोट्या प्रामाणिकपणे म्हणाला, “मला माहीत नाही. तुमचं कसं काय चाललंय, ते बघायला आलो.”

काकूंनी मान उचलली. यंत्र थांबलं. “कसं चालायचं? खाली चाललंय बरं, वर चाललंय वाईट. पाणी चढत नाही वर. दोन जिने बादल्या वाहून माझ्या कमरेचा काटा ढिला झालाय.”

मग प्रत्येक वरच्या मजल्यावर त्याला हेच ऐकू येऊ लागलं. तळमजल्यावर नळ फुरफुरतो आणि वर नुसती हवा येते. छोट्या वकील होता; एकच तक्रार सगळीकडून आली की तिचं मूळ शोधायचं एवढं त्याला येत होतं. नगरपालिकेची एक पाणी समिती होती. तिच्यात वस्तीतला कुणीही बसू शकत असे, पण सहसा बसत कुणी नसे, कारण बैठका इतक्या कंटाळवाण्या की अध्यक्षच आधी झोपत. छोट्या जाऊन बसला. समोरच्या खुर्चीत औषधवाल्या बाई.

“या या, चिरंजीव. दार सापडलं का?”

“सापडलं. ढकलायचं होतं.”

बाईंना हे अपेक्षित नव्हतं. त्या हसल्या, आणि हसणं लपवायला खोकल्या.

मूळ सापडलं ते साधंच होतं. सकाळी चावीवाला, म्हणजे गल्ल्यांच्या नळांच्या चाव्या फिरवणारा माणूस, सगळ्या गल्ल्यांना एकदमच पाणी सोडत असे. जोर सगळीकडे वाटला जाई आणि वर चढण्यापुरता कुठेच उरत नसे. गल्ल्या एकामागून एक सोडल्या तर पाणी वर जाईल, असं छोट्याने मांडलं. बोलणं सोपं. पण कुठलीतरी गल्ली पहिली म्हटली की कुठलीतरी शेवटची आलीच. शेवटी आली ती औषधवाल्या बाईंची.

“म्हणजे माझ्या दुकानाने दुपारपर्यंत कोरडं बसायचं?”

“दुपारपर्यंत नाही, बाई. दुकान उघडायच्या आत येईल.”

“आणि नाही आलं तर?”

“तर मी बादली घेऊन येईन. दार वाजवून.”

“ढकलून या,” बाई म्हणाल्या. “दुकान आहे ते. किती वेळा सांगायचं?”

भांडण कित्येक महिने पुरलं. छोट्या प्रत्येक तळमजल्याचं दार वाजवून सांगत होता की तुमचं पाणी जरा उशिरा येईल, आणि का येईल. कुणी चहा दिला. कुणी दार तोंडावर आपटलं. आपटलेल्या दारापुढेही तो दोन पावलं मागे सरून थोडा वेळ थांबे, आणि मग पुढच्या दाराकडे वळे. शेवटी समितीत बाईंनीच हात वर केला. त्यांची आई चौथ्या मजल्यावर राहत होती, हे त्यांनी तोवर कुणाला सांगितलं नव्हतं.

नव्या क्रमाने पाणी सोडलं त्या सकाळी छोट्या रस्त्याच्या मधोमध उभा होता. वरच्या एका खिडकीतून शिंपीणकाकूंनी ओलाचिंब हात बाहेर काढला आणि ओरडल्या, “आलं! आलं हो!” मग पलीकडची खिडकी ओरडली. मग त्याच्या पलीकडची. त्याच आठवड्यात त्याने एका घराचं दार वाजवलं. “कोण?” असं कुणीतरी विचारलं, आणि तो बोलायच्या आत आतूनच दुसऱ्या आवाजाने उत्तर दिलं, “अगं, पाण्याचं बघतो तो असेल.”

छोट्या दारापुढे उभा होता. दोन्ही हात लोंबत होते. पाठीमागे जायचं ते विसरले होते.

पुढची निवडणूक तो जिंकला. घासून जिंकला, पण जिंकला. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी पहिल्या पानावर छापलं, ‘चिरंजीवांचा विजय, साहेबांची पुण्याई फळाला’. साहेबांनी ते वाचलं, चष्मा काढला, आणि मुलाचा हात हातात घेऊन म्हणाले, “अभिनंदन.” छोट्या थोडा वेळ तसाच उभा राहिला, आणखी काही येतंय का बघत. साहेबांनी चष्मा पुन्हा चढवला आणि हवामानाचं पान उघडलं.

“बाबांनाही पुण्याईच वाटते का गं?” त्याने आत्याला विचारलं.

“त्यांना विचार.”

“विचारवत नाही.”

“मग काम कर,” आत्या म्हणाली. शाळेत रडक्या मुलांनाही ती हेच सांगत असे.

बस थांब्यामागे पूर्वी चपलांचं दुकान होतं, ती खोली त्याने कचेरीसाठी घेतली. दार फळ्यांचं, दमट हवेने फुगून चौकटीत बसलेलं. उघडायला खांदा लावावा लागे. छोट्याने शिपाई ठेवला नाही. दर शनिवारी सकाळी बाहेरच्या बाकावर लोक आले त्या क्रमाने बसत, एकेक जण दार वाजवी, आणि तो आतून उठून खांद्याने हिसका देऊन दार उघडी. रांगेत पुढे घुसणारा एकजण त्याने स्वतः हाताला धरून मागे नेऊन बसवला होता. तो पक्षाचा सरचिटणीस होता.

अशाच एका शनिवारी आत शिंपीणकाकूंचं गाऱ्हाणं चाललं होतं. मध्येच बाहेरून ओळखीचा आवाज आला. फळ्यांच्या दारातून सगळं ऐकू येत असे.

“साहेब, तुम्ही? इथे?” औषधवाल्या बाई विचारत होत्या. “वशिला लावायला आलात की काय?”

“मुलाकडे वशिला चालत नाही म्हणे. म्हणून रांगेत बसलोय.”

“मग हा तुमच्या मुलाचा प्रचारच झाला की! तुम्ही तर शब्द दिला होता.”

“मत कुठे मागतोय, बाई? पाणी मागतोय.”

बाकावर हशा पिकला. त्यात आत्याचंही हसणं होतं. छोट्याचं शिंपीणकाकूंकडे लक्ष लागेना. “जा, मला घाई नाहीये,” काकू म्हणाल्या, पण त्याने मान हलवली नि त्यांचं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग दाराला खांदा दिला. काकू बाहेर पडल्या, त्याने दार लावलं आणि खुर्चीत येऊन बसला.

बाहेर पावलं वाजली. काठी वाजली. मग काहीच वाजलं नाही.

“साहेब,” बाईंचा आवाज आला, “दाराकडे काय बघताय? ते वाजवावं लागतं.”

“अं? हो, हो.”

“खाण तशी माती! तुमच्या घराण्याचाच रोग दिसतोय हा. यावर माझ्या दुकानात औषध नाही.”

“पेरांनी, दादा,” आत्या म्हणाली. “दोनदा.”

दारावर दोनदा टकटक झाली. मग दोन पावलं मागे सरल्याचा आणि काठी टेकल्याचा आवाज. छोट्या उठला. दाराच्या मुठीवर हात ठेवून त्याने सगळ्यांना विचारायचं तेच विचारलं.

“कोण आहे?”

ज्या माणसाची ओळख आयुष्यभर दुसऱ्यांनीच करून दिली, तो ओळख शोधत होता.

“मी,” साहेब म्हणाले. “पाण्याचं बघतात ना, त्यांचा बाप.”

छोट्याने मूठ तशीच धरून ठेवली. डोळ्यांसमोरच्या फळ्या जरा अंधूक झाल्या. मग त्याने खांदा लावला, दार नेहमीसारखं किंचाळून उघडलं. समोर बाबा उभे होते, डोक्यापासून पायांपर्यंत दिसतील असे, आत न डोकावता. पाठीमागे एक हात बांधलेला.

“या, बाबा. काय गाऱ्हाणं आहे?”

“आपल्या गल्लीत नळाला सकाळी…” साहेब सुरू झाले.

“एक मिनिट.” छोट्याने बाकाकडे पाहिलं. “तुमच्या आधी कोण होतं?”

साहेब जरा चाचरले. “या बाई होत्या. त्यांनी मला पुढे ढकललं.”

“म्हटलं, म्हातारा माणूस आहे,” बाई म्हणाल्या.

“तसं नाही चालत, बाई. तुम्ही आधी या. बाबा, तुम्ही बसा जरा. बोलावतो.”

या देशात साहेबांना कुणी कधी थांबवलं नव्हतं. साहेबांनी मुलाकडे पाहिलं, भुवईवरच्या त्या खुणेकडे पाहिलं, आणि काठी टेकत जाऊन बाकावर आत्याशेजारी बसले. बाई पदर सावरत आत आल्या आणि खुर्चीत बसून आपल्या नाल्याचं गाऱ्हाणं सांगू लागल्या.

छोट्या दार लावायला वळला. फुगलेलं दार चौकटीत बसायच्या आधीच्या फटीतून त्याला बाबांचा आवाज ऐकू आला. आत्याच्या कानाशी बोलत होते, पण कानांनी अधू झालेल्या माणसाचं कुजबुजणं सगळ्या बाकाला पुरतं.

“अंगात आहे गं त्याच्या.”

“कळलं का आता?” आत्या म्हणाली. “नीट बस. नंबर येईल तुझा.”